कॉफीच्या मशीनला सोलापूरचं पाणी

पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं दिवाळीत घरी येताना हल्ली मिठाईबरोबर एखादं यंत्रही आणतात. बटण दाबलं की एकच कप कॉफी देणारं मशीन हे त्यातलंच. सोलापुरातल्या ओट्यावर ते पहिले काही महिने पाहुण्यांसमोर मिरवतं. मग कप अर्धाच भरायला लागतो, कॉफी कोमट येते, पंप घरघरतो आणि 'मशीनच फालतू निघालं' असा निकाल लागतो. पुष्कळदा मशीन धडधाकट असतं. गडबड पाण्याची असते.

सोलापूरला हिप्परग्याचा एकरुख तलाव, टाकळीजवळची भीमा आणि शंभरेक किलोमीटरवरचं उजनी धरण इथून पाणी मिळतं. तरी नळ काही रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी टाक्या आणि ड्रम, आणि ते संपले की बोअर. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालते. आकडे राहू द्या. ज्या घरात बंबाच्या आतून पांढरी खपली निघते आणि गीझरची कॉइल वरचेवर बदलावी लागते, त्या घरात कॉफीच्या मशीनचं काय होणार हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

या मशीनची मूळ कल्पना नेस्लेतले स्विस अभियंता एरिक फाव्र यांची, 1976 ची. दहा वर्षांनी ती नेस्प्रेसो नावाने बाजारात आली. टाकीतलं पाणी पंप ओढतो, ते तापलेल्या भागातल्या बारीक नळीतून जातं आणि जोराने कॉफीची पूड भरलेल्या कॅप्सूलमध्ये घुसतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे चुन्याचा थर उरतो. बंबात तो बोटाएवढा जाड झाला तरी आंघोळ होते. इथे नळीच इतकी अरुंद, की जरासा थरही पाणी अडवतो. शिवाय हा थर उष्णता नीट पोचू देत नाही, म्हणून कॉफी कोमट.

उपाय किराणा दुकानात मिळतो. ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, लिटरभर साध्या पाण्यात दोन चमचे विरघळवायचं. कॅप्सूल न लावता निम्मं पाणी मशीनमधून सोडायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग उरलेलं सोडायचं. त्यानंतर निदान दोन टाक्या स्वच्छ पाणी. मशीनच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. लिंबाचा रस मात्र नको. त्याचा चोथा कॅप्सूलला भोक पाडणाऱ्या सुईत अडकतो. व्हिनेगरही विचारूनच, कारण नेस्प्रेसो आपल्या मशीनला ते वापरू नका म्हणून बजावते. बाथरूमच्या ॲसिडचा तर विचारही करू नये. कंपन्या दर तीन-सहा महिन्यांनी ही सफाई सांगतात, पण बोअरच्या पाण्यावर ती लवकर करावी लागते. आरओचं किंवा जारचं पाणी घातलं तर थर कमी धरतो, इतकंच.

थराइतकंच दुर्लक्ष होतं ते खालच्या ट्रेकडे. वापरलेल्या कॅप्सूल आणि त्यातून गळणारं काळं पाणी तिथे साचतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये नेस्प्रेसो मशीनचे ट्रे तपासले, तेव्हा त्यात कॅफिनला न जुमानणारे जीवाणू सुखाने नांदत होते. ते कपातल्या कॉफीत सापडले असं कोणी म्हटलेलं नाही; पण ट्रे नियमित धुवा हा त्यांचा सल्ला सोलापूरच्या उन्हाळ्यात दुप्पट लागू पडतो. ट्रे आणि पाण्याची टाकी रोज रिकामी करून साबणाने विसळली, की बुळबुळीत थर धरत नाही. ती भोक पाडणारी सुई मऊ ब्रशने पुसायची, तीही प्लग काढून.

दक्षिणी पद्धतीचा स्टीलचा फिल्टर जिथे पिढ्यान्पिढ्या आहे, त्या घरांत या साऱ्याचं हसू येईल. त्याची भोकं बुजली तर उजेडाकडे धरून दिसतात, टाचणीने मोकळी होतात. मशीनचं दुखणं पोटात.

मे महिन्यात गावाला जाताना तर टाकीत पाणी ठेवूच नये. ट्रे कोरडा करावा, शेवटची कॅप्सूल काढून टाकावी आणि परतल्यावर पहिले दोन कप साध्या पाण्याचे काढून ओतून द्यावेत.