निकाहच्या कॅसेटमधून फोटो

महालच्या स्टुडिओवाल्यांकडे असे गिऱ्हाईक येतेच: मरहूम वडिलांचा दुसरा फोटो नाही, निकाहच्या जुन्या कॅसेटमधूनच काढून द्या. कॅसेट आधी संगणकात उतरवावी लागते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. फोटोशॉपमध्ये त्या लेयर म्हणून उघडाव्यात आणि डोळे उघडे, मान स्थिर अशी एक निवडावी. हलत्या चेहऱ्यावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या ‘डी-इंटरलेस’ फिल्टरने बऱ्याच जातात. पण फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलचीच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर छपाई जेमतेम अडीच इंच रुंद! भिंतीवरच्या मोठ्या फोटोचा बयाणा घेण्याआधी हे स्पष्ट सांगावे. हल्लीच्या फोर-के चित्रणातून मात्र १२ इंची छपाई सहज निघते.