परसाला कुंपण, मनीला अंगण

मैत्रिणींनो, घरात मांजर असलं की दोन गोष्टी ठरलेल्या! दुधाच्या पातेल्यावर घट्ट झाकण आणि शेजारणीशी अधूनमधून कुरबुर. पहिली गोष्ट मी कटाक्षानं सांभाळते. दुसरीनं मात्र गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराची झोप उडवली.

साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत आमचं बैठं घर आहे. मागे परस, त्यात तुळस, कढीलिंब, एक शेवगा, धुण्याचा दगड आणि तिन्ही बाजूंनी साडेचार फुटांची दगडी भिंत. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं अंगण. त्यांनी कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा नि ऊन चढायच्या आत सोऱ्या फिरवायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि त्या वाळवणाच्या साडीवर आमची मनी मधोमध झोपलेली!

काकू भिंतीवरून एवढंच म्हणाल्या, "आता पुन्हा दिसली तर उंदराचं औषध ठेवीन हो."

रागाच्या भरातलं बोलणं, मला कळत होतं. पण आदल्याच वर्षी आमचं आधीचं मांजर मागच्या बोळात टेंपोखाली गेलं होतं. तेव्हा माझी लेक दोन दिवस धड जेवली नव्हती. आता तिनं मनीला उचललं, माजघरात नेलं आणि आतून कडी लावून घेतली. मनी दिवसभर आत ओरडत होती आणि लेक तिच्याजवळ बसून होती. संध्याकाळी आमचे 'हे' म्हणाले, "कुणाला तरी देऊन टाकू." लेकीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

कोंडायचं नाही आणि मोकाट सोडायचंही नाही, मग करायचं काय? शेवटी ठरवलं, परसच असं करायचं की मनीला तिथून बाहेर जाता येऊ नये.

आधी मांजर बघा

'ह्यांनी' सुचवलं, भिंत दोन फूट वाढवू. गवंडी येऊन मापंही घेऊन गेला. बरं झालं, त्याला वेळ नव्हता! कारण त्या रविवारी मी चहाचा कप घेऊन परसात अर्धा तास बसले आणि मनी बाहेर जाते तरी कशी हे नीट पाहिलं. ती भिंत एका उडीत पार करत नाही. उडी मारते, पुढच्या पायांनी भिंतीची कड पकडते, मागच्या पायांनी रेटा देते आणि वर चढते. म्हणजे तिला हवी असते पक्की कड. भिंत दोन फूट वाढवली असती तरी कड तशीच राहिली असती, फक्त दोन फूट वर!

तेव्हा मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. मांजर नुसत्या उंचीनं अडत नाही. पाय रोवायला जागा मिळाली नाही की अडतं.

आम्ही काय केलं

आमच्या तीन भिंतींची लांबी मिळून ५० फूट. दर ५ फुटांवर एक, असे ११ लोखंडी अँगल फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. प्रत्येक अँगल दोन फूट सरळ उभा आणि पुढे दीड फूट आपल्या परसाच्या बाजूला तिरका वाकवलेला. ड्रिल मशीन भाड्यानं आणून 'ह्यांनी' ते अँकर बोल्टनं भिंतीवर बसवले. जुनी दगडी भिंत असेल तर भोक दगडात पाडा, सांध्यात नको. सांधा भुसभुशीत असतो, बोल्ट हलतो.

उभ्या भागाला एक इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी बांधली, तीही भिंतीच्या बाहेरच्या कडेला धरून, म्हणजे पलीकडून येणाऱ्या मांजराला भिंतीच्या माथ्यावर उभं राहायला जागा उरत नाही. तिरक्या भागाला मात्र कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती हलकी जाळी लावली आणि मुद्दाम सैल ठेवली. टोकाला ताणलेली तार घातली नाही. खरी गंमत इथेच आहे. मांजर भिंत चढून वर आलं की डोक्यावर जाळी येते, आणि तिला पंजा लावावा तर ती हलते. हलणाऱ्या गोष्टीवर मांजर अंग टाकत नाही.

जाळी कापताना हातमोजे घाला आणि कापलेली टोकं आत वळवा, नाहीतर मांजराच्या आधी तुमचाच हात फाटेल. सगळा खर्च सात हजारांच्या आत झाला.

खालचीही वाट बंद करा

वरचं बघताना खालचं राहून जातं. जिथून मांजराचं डोकं जातं तिथून बहुधा सगळं मांजर जातं. परसाच्या फाटकाखाली बोटभरच फट राहील अशी फळी ठोकली. मोरीचं पाणी बाहेर जातं त्या भोकाला लोखंडी जाळी बसवली.

भिंतीला टेकून ठेवलेला पाण्याचा पिंप आणि सरपणाचा ढीग ५-६ फूट अलीकडे आणला, नाहीतर तो आयता जिनाच! शेवग्याच्या भिंतीवर गेलेल्या फांद्या छाटल्या आणि बुंध्याला जमिनीपासून ४ फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून तारेनं बांधला. खिळे मारू नका, आणि झाड जाड होतं म्हणून दरवर्षी तार सैल करा.

तिसऱ्या रात्रीची गोष्ट

मनीनं दोन दिवस सगळ्या भिंती तपासल्या, एकदा जाळीला पंजा लावून पाहिला आणि शेवटी तुळशीपाशी अंग टाकलं. आम्ही खूष!

तिसऱ्या रात्री दोन वाजता परसात आकांत. आळीतला दांडगा बोका बाहेरून जाळी चढून, तिरक्या भागावरून आत पडला होता. आणि आता त्याला बाहेर जाता येईना! आतलं बाहेर जाऊ नये म्हणून केलेलं कुंपण, आत आलेल्यालाही तितकंच अडवणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बिथरलेल्या बोक्यानं दोन कुंड्या फोडल्या, मनीचा कान फाडला. लेक रडत होती, 'हे' काठी शोधत होते.

सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "काठी कशाला? त्याला वाट द्या की." त्यांनी मला धुण्याच्या दगडामागची लांब फळी आणायला लावली. ती आम्ही जाळीच्या टोकापर्यंत टेकवली, मनीला आत घेतलं, दिवा मालवला आणि दार लावून बसलो. पाच मिनिटांत बोका आपणहून गेला.

दुसऱ्या दिवशी मनीच्या कानाला टाके घालून आणले आणि उरलेलं काम पुरं केलं. अँगल जिथे वाकतो तिथे बाहेरच्या अंगाला तार ताणली, तिच्यावर पाऊण इंची आणि त्यावर तीन इंची पीव्हीसी पाइप ओवला. बाहेरून चढणाऱ्यानं त्यावर पाय ठेवला की पाइप गरकन फिरतो आणि पाय निसटतो. एखादा पठ्ठ्या यातूनही येईल, नाही असं नाही. म्हणून ती फळी आजही दाराशी उभी असते आणि मनी रात्री घरात झोपते. तुम्ही हे करणार असाल तर फळी आधी शोधून ठेवा!

हे मात्र नको

भिंतीवर काचा, काटेरी तार किंवा विजेची तार कधीही लावू नका. मांजराबरोबर पोराबाळांचेही हातपाय कापतात. मांजर फिरकू नये म्हणून काहीजणी कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकतात. त्या मांजराला विषारी असतात, आणि लहान मुलांनाही. आणि मुक्या जनावराला विष घालणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यानं गुन्हाही आहे.

भिंत सामाईक असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी शेजारी विचारा. मांजराची नसबंदी आणि रेबीजची लस पशुवैद्यांकडून करून घ्या. नसबंदी केलेलं मांजर हुंदडायला कमी जातं. परसात सावली, पाण्याचं भांडं आणि मातीचा एक मोकळा कोपरा ठेवा. पहिले काही दिवस स्वतः जवळ बसा. संक्रांतीनंतर जाळीत अडकलेला मांजा काढा आणि पावसाळा संपला की गंजलेल्या तारा बदला.

भिंत सामाईक, म्हणून मीही काकूंकडे आधीच गेले होते. जाताना घरच्या कुरडयांचा डबा नेला होता. कागदावर काढलेलं कुंपणाचं चित्र दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "औषधाचं मी नुसतं बोलले गं. माझ्या हातून झालं असतं का ते?" आणि ड्रिलची वायर त्यांच्याच ओटीवरून घ्यायला लावली, आमच्या परसात प्लग नव्हता म्हणून!

यंदा एप्रिलमध्ये काकूंच्या कुरडया निर्धास्त वाळल्या. मनी परसात तुळशीपाशी लोळत होती. दुपारी शाळेचे माझे दोन तास संपवून आले तर लेक तिथेच गृहपाठ करत बसलेली, आणि माजघराचं दार सताड उघडं!