दूरस्थ पावलांचा ताल

इ. स. १९७७ च्या नोव्हेंबर महिन्यात किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ या दोन अमेरिकन कलावंतांनी नासा या सरकारी संस्थेची रीतसर मंजुरी मिळवून, अमेरिका व कॅनडा यांनी संयुक्तपणे अवकाशात सोडलेल्या हर्मिस या उपग्रहाच्या द्वारे जो नृत्यप्रयोग सिद्ध केला, त्याचे महत्त्व नृत्याच्या इतिहासकारांनी पुरते जोखले आहे असे मला वाटत नाही. काही नर्तक मेरीलँडमधील ग्रीनबेल्ट येथे, काही कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, आणि मध्ये सबंध अमेरिका खंडाची रुंदी, अशी ती रचना होती. दोन्ही ठिकाणची दृश्ये एकमेकांत मिसळून त्यांचे एकच चित्र तयार होई आणि ते दोन्हीकडील पडद्यांवर एकसारखे उमटे. ग्रीनबेल्टच्या नर्तिकेने रिकाम्या हवेत पुढे केलेला हात पडद्यावर मात्र पश्चिम किनाऱ्यावरील सहनर्तकाच्या खांद्याला लागे. तो नीट लागावा म्हणून तिला आपल्या हाताकडे न पाहता पडद्याकडे पाहावे लागे, आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने अंगात मुरलेले अंतराचे सारे भान बाजूस सारून ते नव्याने कमवावे लागे. जे नृत्य घडत होते ते मेरीलँडातही नव्हते आणि कॅलिफोर्नियातही नव्हते. प्रतिमा हेच रंगस्थळ, अशी त्या कर्त्यांची भूमिका होती.

आपल्याकडील वाचकांस येथे ‘साइट’ या प्रयोगाचे स्मरण होईल. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर नासाच्याच दुसऱ्या एका उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा बंदोबस्त भारत सरकारने केला होता. पण त्या खेड्यांनी पाहावे आणि ऐकावे एवढीच त्यात तजवीज होती, उलट बोलण्याची मुभा नव्हती. दोन वर्षांनी या कलावंतांनी उपग्रहाकडे जे मागितले, ते नेमके हे दुहेरी दळणवळण होय.

मात्र त्या दळणवळणाला निसर्गाने घातलेली एक अट कोणत्याही सरकारला माफ करता येत नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरांवर असतो. वर जाऊन खाली येईपर्यंत संदेशाला किमान ७२,००० किलोमीटर काटावे लागतात, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्यास पाव सेकंद लागतो. प्रत्युत्तर हाती पडेपर्यंत अर्धा सेकंद सरतो. बोलण्यात हा काळ खपून जातो, नृत्यात खपत नाही. कथकच्या हिशेबाने पाहू. मिनिटाला १६० मात्रांच्या त्रितालात एक मात्रा ०.३७५ सेकंदाची, म्हणजे अर्ध्या सेकंदात सव्वा मात्रेहून अधिक काळ गेला. मिनिटाला ३२० मात्रांच्या द्रुत लयीत अडीच मात्रांहूनही अधिक. तबलजीने समेवर थाप द्यावी, दूरच्या नर्तिकेने ती ऐकून पाऊल टाकावे, आणि त्या पावलाचा घुंगूरनाद परत येईतो तबलजी पुढच्या बोलात शिरलेला असावा, असा हा पेच आहे. गॅलोवे आणि राबिनोविट्झ यांनी तो दडवला नाही; विलंब हा नृत्यरचनेचाच एक घटक म्हणून त्यांनी स्वीकारला, आणि त्यांच्या थोरवीचे प्रमाण मी यातच मानतो.

पुढे प्रकाशतंतूंचे जाळे पसरले आणि अंतर नष्ट झाल्याची द्वाही फिरवली गेली. ती मला मान्य नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस चेफ आणि मायकेल गुरेविच यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ठेक्यात टाळ्या वाजवावयास लावल्या होत्या व मधला विलंब पायरीपायरीने बदलला होता. सुमारे ११.५ मिलिसेकंदांच्या विलंबात लय स्थिर राहिली. त्याहून कमी विलंबात ती चढू लागली, अधिक विलंबात मंदावू लागली, कारण जो तो दुसऱ्याच्या उशिरा पोचणाऱ्या टाळीसाठी नकळत थांबत गेला. तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई व न्यूयॉर्क यांमधील साडेबारा हजार किलोमीटर सरळ रेषेत ओलांडावयाचे म्हटले तरी साठ मिलिसेकंदांहून अधिक काळ लागणार, आणि तंतू काही सरळ रेषेत टाकलेले नसतात.

अंतराने ताल मोडतो. शरीराचा संबंध मात्र तुटत नाही, याची साक्ष सुसान कोझेल या नर्तिकेने दिली आहे. पॉल सर्मन यांच्या ‘टेलिमॅटिक ड्रीमिंग’ या १९९२ सालच्या कृतीत दोन खोल्यांत दोन शय्या असतात, आणि एकीवरील माणसाची प्रतिमा दुसरीवरील माणसाशेजारी प्रकाशरूपाने पडते. १९९४ साली ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात कोझेल चार आठवडे, रोज कित्येक तास या शय्येवर होत्या. अनोळखी प्रेक्षक येत, कोझेल यांच्या प्रतिमेचा हात हळुवारपणे धरीत, आणि त्या स्पर्शाभावातही जवळीक निर्माण होई. मग एके दिवशी कोणीतरी त्या प्रतिमेच्या पोटात कोपर हाणले. वेदना होण्याचे कारणच नव्हते. तरीही आपण दुमडलो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. शरीर प्रतिमेची बाजू घेते, हा शोध मला यंत्राच्या कोणत्याही शोधाहून मोलाचा वाटतो.

आज मराठी घरांतील मुली न्यू जर्सीत वा लंडनमध्ये पडद्यासमोर उभ्या राहून पुण्यातील गुरूंकडे कथक शिकतात. तत्कार सुरू झाला की गुरू सर्वांचे आवाज बंद करावयास सांगतात, कारण दहा घरांतले घुंगूर दहा वेळांना येऊन पोचतात. प्रत्येक मुलगी आपल्यापुरती तालात असते आणि एकत्र कोणीच नसते. माझ्या मते येथे साथीचा आग्रह सोडून सवाल-जवाबाकडे वळावे. तबल्याने तुकडा टाकावा आणि पावलांनी तो फेडावा, या आपल्या तमाशातही रुळलेल्या रीतीत बोलणारा एका वेळी एकच असल्यामुळे विलंबाने टाळ्यांसारखी लय ढासळत नाही. दुसरी वाट २००५ साली निघालेल्या ‘निन्जॅम’ या संगणकीय साधनाने दाखविली आहे. ते विलंब कमी करण्याऐवजी हेतुतः वाढवून ठरीव मात्रांच्या पूर्ण आवर्तनाएवढा करते, त्यामुळे दुसऱ्याचे मागचे आवर्तन आपल्या चालू आवर्तनावर बिनचूक बसते. मिनिटाला १६० मात्रांच्या त्रितालात ते सहा सेकंदांचे होईल: पुण्यातील तबलजीची तिहाई लंडनमधील शिष्येला एका आवर्तनाने उशिरा ऐकू येईल, परंतु तिची सम शिष्येच्या समेवरच पडेल.