कोड माझा, तुझा की गिटहबचा?

चार जणांचा ग्रुप, एक प्रोजेक्ट आणि पेन ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा तीन झिप फाइल्स! ओळखीचं वाटतंय ना? मग कोणीतरी सीनियर सल्ला देतो, "अरे, गिटहबवर टाका ना!" सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण मित्रांनो, गिट वेगळं आणि गिटहब वेगळं. हा फरक कळला नाही, तर आपलं नेमकं काय कुणाकडे आहे हेच कळत नाही.

(माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'रिपॉझिटरी'ला मराठी शब्द विचाराल तर आपली विकेट गेलीच. आम्ही सगळे 'रेपो' म्हणतो, इथेही तेच म्हणते.)

आधी गिट. लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. २००५ मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने त्याच एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. गिट आपल्या मशीनवर चालतं, त्याला इंटरनेटही लागत नाही. 'कमिट' केलं की प्रोजेक्टचा त्या क्षणाचा जणू फोटोच निघतो. त्यावर आपलं नाव, वेळ आणि आधीच्या कमिटचा नंबर असतो. या सगळ्यावरून नवा चाळीस अक्षरी नंबर तयार होतो. म्हणजे मागचा एखादा कमिट कोणी गुपचूप बदलला, तर पुढचे सगळे नंबर बदलतात आणि लबाडी पकडली जाते! शिवाय रेपो 'क्लोन' केला की साधारणपणे पहिल्या दिवसापासूनचा अख्खा इतिहास आपल्याकडे येतो.

मग २००८ मध्ये सुरू झालेलं गिटहब किंवा गिटलॅब कशासाठी? तर सगळ्यांनी जमायचा कट्टा म्हणून. सर्व्हर ते सांभाळतात, कोणाला किती अधिकार द्यायचे ते आपण ठरवतो. समजा, मी लॉगिनचं पान करतेय आणि मैत्रीण अटेंडन्सचं. दोघी आपापल्या 'ब्रांच'वर काम करतो. झालं की मी 'पुल रिक्वेस्ट' टाकते, म्हणजे "बघ गं, हे मुख्य कोडमध्ये घेऊ का?" ती ओळ न् ओळ वाचते, शंका काढते, मग 'मर्ज' करते. दोघींनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर गिट स्वतः अंदाज न लावता 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून थांबतं. निर्णय आपणच घ्यायचा.

आता खरी मेख. कोड सगळ्यांच्या मशीनवर असतो, पण पुल रिक्वेस्टवरची चर्चा, बगच्या नोंदी, "हे असं का केलं?" याची उत्तरं मात्र कट्टेवाल्याच्या डेटाबेसमध्ये! ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवर कमांड गेली आणि सुमारे ३०० जीबीचा चालू डेटाबेस उडाला. बॅकअपच्या नेहमीच्या पद्धतीही ऐनवेळी कामी आल्या नाहीत. नशिबाने सहा तासांपूर्वी काढलेली एक कॉपी सापडली. रेपो वेगळे ठेवलेले असल्याने लोकांचा कोड वाचला, पण त्या सहा तासांतल्या कॉमेंट्स आणि नोंदी गेल्या त्या गेल्याच. जुलै २०१९ मध्ये तर अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या डेव्हलपर्सना गिटहबवरचे स्वतःचे खाजगी रेपो वापरता येईनासे झाले. इराणसाठी परवानगी मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. ज्याच्याकडे क्लोन होता, त्याचं काम निदान हातात तरी राहिलं.

म्हणून आमच्या ग्रुपने तीन नियम केलेत. एक, चौघांकडेही क्लोन हवा आणि रोज 'पुल' करायचं. दोन, प्रत्येकाने आपापल्या नावानेच कमिट करायचं, म्हणजे व्हायव्हात "हे कोणी लिहिलं?" विचारलं की उत्तर तयार! तीन, महत्त्वाचा निर्णय नुसता चर्चेत न ठेवता कमिटच्या मेसेजमध्ये किंवा 'रीडमी' फाइलमध्ये लिहायचा. 'चेंजेस केले' असला मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्यांना कटिंग पाजायची.

कट्टा उद्या बदलेल, बंदही होईल. पण काय केलं आणि का केलं, हे दोन्ही रेपोमध्ये असेल, तर चौघांपैकी कोणाच्याही लॅपटॉपवरून प्रोजेक्ट पुन्हा उभा राहील.