बंदुकीची नळी कशाने झिजते?

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात रानडुकरांचा आणि रोह्यांचा विषय निघाला, की बंदुकीचाही निघतो. परवाना कोणाकडे आहे, वनखात्याची परवानगी मिळेल का, यावर पुष्कळ बोलले जाते. नळीच्या स्थितीबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते. वास्तविक झिजलेल्या नळीचा नेम चुकतो. जखमी डुक्कर माणसावर उलटते आणि भरकटलेली गोळी शेजारच्या वावरातल्या जागल्यापर्यंत पोहोचू शकते.

गोळी घासून नळी झिजते, असा सर्वसाधारण समज आहे. पण रायफलच्या गोळीचे तांब्याचे वेष्टन पोलादाहून मऊ असते. खरी झीज करतो तो दारूचा तप्त वायू. धूरविरहित दारू जळताना तापमान अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते. पोलाद सुमारे दीड हजारात वितळते. हा मारा सेकंदाच्या काही हजारांशांपुरताच असतो, म्हणून नळी टिकते. तरी काडतुसाच्या पुढे, जिथे नळीतले आटे सुरू होतात, तो ‘घसा’ प्रत्येक बाराला तापतो, निवतो आणि ठिसूळ होतो. त्यावर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात, मग कपचे निघतात.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’चा इतिहास हेच सांगतो. १८८८च्या ली-मेटफर्ड रायफलचे आटे उथळ होते. काळी दारू जाऊन कॉर्डाइट आले आणि ते आटे भराभर झिजू लागले. १८९५मध्ये खोल आट्यांची ली-एनफील्ड आली. पुढे कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनही ५८ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणले गेले, कारण त्याने ज्वाला थंड होते.

याचे दुसरे टोक म्हणजे अमेरिकेत शेतातल्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी लोकप्रिय झालेली, विंचेस्टरने १९३५मध्ये आणलेली ‘२२० स्विफ्ट’. तिची तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला बाराशे मीटरहून अधिक वेगाने सुटते. दारू ‘थ्री नॉट थ्री’इतकीच, सुमारे अडीच ग्रॅम, पण नळीचे छिद्र क्षेत्रफळाने जवळपास निम्मे. तेवढीच आग निम्म्या वाटेने जाते. त्यात नळी निवू न देता बारामागून बार काढले, तर एक-दोन हजार बारांतच अचूकता ढळू शकते.

आपल्याकडे रखवालीच्या बंदुका बहुधा भरमार किंवा बारा बोअरच्या. रायफल असलीच तर ३१५ बोअरची, जड आणि संथ गोळीची. वर्षाला बारही मोजकेच निघतात. अशी नळी जळून संपत नाही, ती गंजून संपते. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्यापासून नळीत मिठाचाच एक प्रकार उरतो. दोन्ही गोष्टी पाण्यात विरघळतात, तेलात नाही. नुसता तेलाचा बोळा फिरवला तर मीठ तेलाखाली तसेच राहते आणि पावसाळ्यात पोलाद खाते. म्हणूनच ‘थ्री नॉट थ्री’च्या नळीत सैनिक उकळते पाणी ओतत.

तेव्हा बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, बार काढल्याच्या दिवशीच आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करण्यापूर्वीही हेच करावे. परत आल्यावर नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. खड्डे दिसले, तर जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात बार भरू नये.