त्यांनी काचा फोडल्या, आमच्याकडे काचा फुटल्या

'फोडणे' आणि 'फुटणे' ही दोन क्रियापदे आम्ही गेली तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. 'मुलाने काच फोडली' या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. 'काच फुटली' म्हटले की फोडणारा वाक्यातून पसार होतो आणि काच जणू आपण होऊन तुकडे होते. सातवीच्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हातून बशी पडली की तो आईला 'बशी फुटली' असेच सांगतो.

व्याकरणाचा हा धडा सीमाप्रश्नाच्या पानावर कशाला, असे वाचक विचारतील. पण दोन राज्यांतील आंदोलनांच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की हाच धडा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो.

आम्ही टोकरखाड्याचे. टोकरखाडा म्हणजे सिल्वासा शहराचाच एक भाग. पलीकडे वापीची गुजराती बाजारपेठ, अलीकडे तलासरी-जव्हारचा महाराष्ट्र आणि मध्ये आमची दादरा-नगर हवेली. इथे वारली आहे, गुजराती आहे, मराठी आहे आणि कारखान्यांबरोबर आलेली हिंदीही आहे. बेळगाव-खानापूरच्या बांधवांइतके आम्ही सोसलेले नाही, हे आधीच कबूल करतो. पण कुठल्याही सीमेवर राहणाऱ्याला एक सवय आपोआप जडते, ती म्हणजे एकच बातमी दोन भाषांत वाचण्याची. आम्ही गुजराती पत्र वाचतो आणि मराठीही वाचतो. खानापूर तालुक्यातील आमचे एक शिक्षक स्नेही कन्नड पत्रे वाचतात आणि मोठ्या प्रसंगी त्यातला मजकूर आम्हाला दूरध्वनीवर मराठीत सांगतात.

२१ फेब्रुवारी २०२५ चा दिवस घ्या. तो जागतिक मातृभाषा दिन होता. त्याच दिवशी बेळगाव तालुक्यात बाळेकुंद्रीजवळ कर्नाटकच्या बसमधील वाहकाला मराठी-कन्नडच्या वादातून मारहाण झाली. (पाहा, आमच्याही लेखणीतून 'मारहाण झाली' असेच उतरले. 'मराठी बोलणाऱ्या तरुणांनी मारहाण केली' असे लिहायला हवे होते.) त्याच रात्री चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राची एस. टी. अडवून कन्नड कार्यकर्त्यांनी चालकाच्या तोंडाला काळे फासले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने कर्नाटकाकडे जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे फासण्यात आले. पुढे उलटसुलट तक्रारी झाल्या, आणि २२ मार्चला कन्नड संघटनांनी कर्नाटक बंद पुकारला. एक वाहक आणि एक चालक, दोघेही पगारी नोकर. सीमा कुठे आखावी हे दोघांपैकी कोणालाही कधी कोणी विचारलेले नाही.

त्या आठवड्यात आम्ही नववीच्या वर्गात एक उपक्रम घेतला. फळ्यावर दोन रकाने आखले. मराठी पत्रांतील कात्रणे घेऊन मुलांनी चालकाच्या बातमीतले शब्द एका रकान्यात आणि वाहकाच्या बातमीतले दुसऱ्यात लिहायचे होते. पहिल्या रकान्यात आले: धुडगूस, माथेफिरू, भ्याड हल्ला, मुजोरी, टोळके. दुसऱ्यात आले: वादावादी, बाचाबाची, तणाव, संतप्त तरुण, पडसाद. मग आमच्या स्नेह्यांनी कन्नड पत्रांतून टिपून पाठवलेले शब्द वाचून दाखवले. तिकडे रकाने बदलले होते, शब्द जवळपास तेच होते. वर्गात हशा झाला. एका मुलीने मात्र हात वर करून विचारले, "सर, 'पडसाद' म्हणजे प्रतिध्वनी ना? मग बसला काळे लावणे हा प्रतिध्वनी कसा?" आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रतिध्वनीला कर्ता नसतो, एवढेच आम्ही सांगू शकलो असतो.

आमचा आणि त्यांचा पुतळा

डिसेंबर २०२१ मधील घटना तर सर्वांच्या स्मरणात आहेत. १३ डिसेंबरला बेळगावात महामेळाव्याच्या ठिकाणी महाराष्ट्र एकीकरण समितीचे ज्येष्ठ नेते दीपक दळवी यांच्या तोंडाला कन्नड कार्यकर्त्यांनी काळे फासले. कोल्हापुरात कन्नड ध्वज जाळण्यात आला. बंगळुरात शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर शाई ओतल्याची चित्रफीत घरोघरी पोचली, आणि त्यानंतरच्या रात्री बेळगावात सरकारी गाड्यांवर दगड पडले व संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली.

मराठी वाचकाला शिवरायांच्या पुतळ्याविषयी काही सांगावे लागत नाही. रायण्णा कोण हे मात्र किती जणांना ठाऊक आहे? कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा सरदार इंग्रजांशी लढला. १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला नंदगड येथे फाशी दिले. हे नंदगड खानापूर तालुक्यात, म्हणजे आपण ज्याला आपला मराठी मुलूख म्हणतो त्यात आहे. त्याच्या समाधीशी माथा टेकणाऱ्यांत मराठी घरांतील माणसेही असतात, असे आमचे स्नेही सांगतात. त्या पुतळ्यावर घाव घालणाऱ्यांना हे माहीत नव्हते. आणि त्यांच्या कृत्याला 'प्रतिक्रिया' म्हणणाऱ्या आमच्या काही पत्रांनी ते सांगण्याची तसदी घेतली नाही. तिकडच्या काही मंडळींनी शिवरायांना परप्रांतीय ठरवून टाकले, आणि इकडे त्या अडाणीपणाला अडाणीपणानेच उत्तर दिले गेले.

आमचे दुखणे खरे आहे

येथे वाचकांनी आम्हाला 'दोघेही सारखेच' म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत बसवू नये. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. एका बाजूला सरकार, पोलीस, शाळा, सातबाराची भाषा आहे. दुसऱ्या बाजूला अर्ज करणारा मनुष्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून सीमाभागातील मराठी माणूस प्रामुख्याने अर्ज, सभा, निवडणूक, सत्याग्रह आणि न्यायालय याच मार्गांनी चालत आला आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला देण्याची शिफारस केली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात नऊ जणांचे प्राण गेले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००५ च्या नोव्हेंबरात बेळगावचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासण्यात आले. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला होता. ठराव करणे हे लोकशाहीतले काम आहे आणि तोंडाला काळे फासणे नाही, यात दुमत असू नये.

तरी या सगळ्याला दिल्लीच्या वाहिन्यांवर किती मिनिटे मिळाली? एक नोव्हेंबरला काळे झेंडे घेऊन, तोंडाला काळ्या फिती बांधून निघणारी सायकल फेरी आपण वर्षानुवर्षे पाहतो. तिचे छायाचित्र जिल्ह्याबाहेर क्वचितच जाते. ६ डिसेंबर २०२२ ला मात्र हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे लागले, आणि अवघ्या काही तासांत सीमाप्रश्न देशभर पोचला. आठ दिवसांत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले. मग एखाद्या पोराने हिशेब मांडला की सायकलला काही मिळत नाही आणि दगडाला बैठक मिळते, तर त्याचे गणित चुकले असे कोणत्या तोंडाने सांगावे? जिल्ह्याच्या गावातील वार्ताहर संध्याकाळी दूरध्वनी करतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "काही झालं का?" शांततेत तीनशे माणसे बसली होती, हे त्याच्या लेखी 'काही' नसते. त्यालाही दोष देता येत नाही. वरच्या कचेरीतून त्याला हेच विचारलेले असते.

आमच्या जवळचेच उदाहरण मीरा रोडचे. २०२५ मध्ये मराठी बोलण्याच्या वादातून एका दुकानदाराला मनसेच्या कार्यकर्त्यांनी थपडा मारल्या, आणि व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. ८ जुलैला मराठी मोर्चाची हाक आली तेव्हा मात्र पोलिसांनी परवानगी नाकारली आणि नेत्यांना पहाटेच ताब्यात घेतले. सरकारने मार्गाचे कारण दिले. या दोन मापांचा राग आम्हालाही आला. पण वाहिन्यांवर ती थप्पडच फिरत राहिली. त्याआधी, २९ जूनला, पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेण्यात आले होते. शिक्षक, पालक, भाषेचे अभ्यासक यांनी दोन-अडीच महिने लेख, सभा आणि निवेदने यांतून ते मिळवले होते. ती बातमी थपडेखाली दबली.

शेजाऱ्याचे हुतात्मे

आमच्या आळीत एक निवृत्त गुजराती शिक्षक राहतात. एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर बोलताना आम्ही २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार सांगितला. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि आठ ऑगस्ट?" आम्हाला ठाऊक नव्हते. ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत लाल दरवाजाजवळ काँग्रेस भवनासमोर महागुजरातसाठी जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या स्मारकासाठी तिथे १९५८ मध्ये वेगळा सत्याग्रह करावा लागला. आपल्या भाषेचे राज्य हवे, एवढेच दोन्हीकडच्या पोरांचे म्हणणे होते. आम्ही पदवी घेतली, शिक्षणशास्त्राची पदवीही घेतली, पण लाल दरवाजा आमच्या वाचनात कधी आला नाही. आणि मुंबईत १९५६ च्या जानेवारीत दंगलीत गुजराती दुकाने लुटली गेली, तेही घरी कोणी बोलत नसे. शेजाऱ्यांच्या घरी मात्र बोलत असत.

तसेच आमच्या स्वतःच्या गावचे. दर दोन ऑगस्टला आम्ही मुलांना १९५४ च्या मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगतो. जुलैत दादरा, मग नरोली, मग सिल्वासा. आमच्या दृष्टीने ते मुक्तिसैनिक, पोर्तुगालच्या दृष्टीने भारतातून घुसलेल्या सशस्त्र टोळ्या. आम्ही मुक्तिसैनिकच म्हणू, त्यात पालट नाही. पण दादऱ्याच्या चौकीत त्या रात्री आनिसेतो रोझारियो आणि आंतोनियो फर्नांडिस हे दोन पोलीस मेले, हे आमच्या भाषणात कधी येत नसे. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही ते सांगतो. मुलांची मुक्तिसंग्रामावरची श्रद्धा त्यामुळे तसूभरही कमी झालेली दिसली नाही.

एक दुरुस्ती

आता आमच्या समितीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका थांब्यावरील पाटीवर मराठीतही नाव असावे म्हणून आम्ही संबंधित कचेरीला निवेदने दिली. उत्तर आले नाही. शेवटी एका रविवारी सतरंज्या टाकून चाळीसेक माणसे धरण्याला बसलो. कार्यक्रम संपत आला तेव्हा आमच्यातली दोन मुले उठली आणि समोरच्या दुकानाच्या गुजराती पाटीला डब्यातला काळा रंग फासून आली. दुकानदार आमच्या ओळखीचा. त्याचे वडील जूनमध्ये आमच्या गरीब विद्यार्थ्यांना उधारीवर वह्या देत असत. आम्ही दहा पावलांवर उभे होतो. ओरडलोही नाही.

संध्याकाळी पत्रक आम्हीच लिहिले, समितीत मराठी आमची चांगली म्हणून. त्यात वाक्य घातले: 'दरम्यान, एका दुकानाच्या पाटीला काळे फासले गेल्याचे समजते.' दुसऱ्या दिवशी एका गुजराती पत्राने सगळ्या धरण्यालाच गुंडगिरी म्हटले. एका मराठी पत्राने 'मराठी मनाचा उद्रेक' असा मथळा दिला आणि आमचे पत्रक जसेच्या तसे छापले. निवेदनांविषयी दोघांनीही ओळ लिहिली नाही.

तिसऱ्या दिवशी रॉकेल आणि चिंध्या घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदार शिडी धरून उभा राहिला, आम्ही पाटी पुसली. अर्धा रंग निघाला. मग त्याने गल्ल्याखालून कात्रण काढले आणि 'समजते' या शब्दावर बोट ठेवले. "साहेब, तुम्ही तर इथेच उभे होते ने?" एवढेच तो बोलला आणि चहा मागवला.

आम्ही त्या मराठी पत्राकडे दुरुस्ती पाठवली. ती छापून आली नाही. संपादकांच्या अनुमतीने ती येथे देतो. त्या दिवशी दुकानाच्या पाटीला आमच्या धरण्यातील दोन मुलांनी काळे फासले. ते दोघे आमचे विद्यार्थी होते. आम्ही ते पाहिले आणि त्यांना अडवले नाही.