माइक वेबस्टर : एक व्यावसायिक फुटबॉलपटू आणि त्याच्या व्याधीचा शोध

खेळाडूच्या कारकिर्दीचा हिशेब सामान्यतः सामने, विजय आणि सन्मान यांच्या आकड्यांत मांडला जातो. अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांच्या बाबतीत हा हिशेब अत्यंत उज्ज्वल आहे. परंतु तो अपुराही आहे. त्यात न धरलेली एक बाब त्यांच्या मृत्यूनंतरच शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली. ती कोणती आणि ती मान्य होण्यास इतका विलंब का लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वेबस्टर यांचा जन्म १८ मार्च १९५२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील टॉमाहॉक येथे झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघातून नाव मिळविल्यावर १९७४ साली पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने निवडीच्या पाचव्या फेरीत त्यांना घेतले. पुढे १९७४, १९७५, १९७८ आणि १९७९ या चार हंगामांचे अजिंक्यपद या संघाने मिळविले. स्टीलर्सकडे पंधरा व कॅन्सस सिटी चीफ्सकडे दोन, अशा सतरा हंगामांत वेबस्टर एकूण २४५ सामने खेळले. निवडक खेळाडूंच्या ‘प्रो बोल’ सामन्यासाठी त्यांची नऊ वेळा निवड झाली आणि १९९७ साली कँटन येथील ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना स्थान मिळाले. न थकता, दुखापतीची पर्वा न करता खेळणारा म्हणून लोक त्यांना ‘आयर्न माइक’ म्हणत.

आपल्याकडे ज्यास फुटबॉल म्हणतात त्याहून हा खेळ सर्वस्वी निराळा आहे. त्यात चेंडू मुख्यतः हातांनी खेळविला जातो आणि प्रत्येक डाव काही सेकंदांचाच असतो. वेबस्टर हे ‘सेंटर’ या जागी खेळत. सेंटरने ओणवे होऊन जमिनीवरील चेंडू पायांमधून मागच्या क्वार्टरबॅककडे द्यावयाचा आणि त्याच क्षणी समोरून चाल करून येणाऱ्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यास अंगाने थोपवून धरावयाचे. म्हणजे आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक डावाचा आरंभच त्याच्या बाबतीत टकरीने होतो. एका सामन्यात असे साधारण साठ डाव धरले, तरी २४५ सामन्यांत या टकरींची संख्या दहा हजारांच्या वर जाते. सरावातील टकरी निराळ्याच. यांतील बहुतेक इतक्या किरकोळ असतात की, त्यांची नोंद कोणीही ठेवीत नाही.

१९९१ साली निवृत्त झाल्यावर वेबस्टर यांची स्थिती झपाट्याने खालावत गेली. स्मृतिभ्रंश, गोंधळलेले विचार, नैराश्य आणि असह्य वेदना यांनी त्यांना ग्रासले. संसार विस्कटला, पैसा संपला आणि कित्येक रात्री त्यांनी आपल्या मोटारीत काढल्या. राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या प्रतिनिधींच्या संयुक्त निवृत्तिवेतन मंडळाकडे त्यांनी अर्ज केला. खेळताना डोक्यास झालेल्या इजांमुळे त्यांना पूर्ण अपंगत्व आले आहे, असे या मंडळाने १९९९ साली मान्य केले. वाद उरला तो अपंगत्व निवृत्तीच्या वेळीच आलेले होते की नंतर आले, एवढाच. त्याचा निकाल लागण्यापूर्वीच २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पिट्सबर्ग येथे शवविच्छेदन करणारे, मूळचे नायजेरियाचे डॉ. बेनेट ओमालु यांना त्यांचा मेंदू बाहेरून प्रकृत दिसला. तरीही त्यांनी तो जतन करून त्याचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि त्यांत ‘टाऊ’ नामक प्रथिनाच्या विकृत गुठळ्या आढळल्या. हे प्रथिन एरवी चेतातंतूंतील सूक्ष्म नलिकांना स्थैर्य देते. कवटीतील द्रवात असलेला मेंदू आघाताने हिसकला की तंतू ताणले जातात, टाऊ नलिकांपासून सुटते आणि कालांतराने साचत जाते. शिरस्त्राण कवटीस फुटण्यापासून वाचविते. आतील मेंदूचा हिसका ते थांबवू शकत नाही. मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणाऱ्या अशा लक्षणांचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच केले होते. ओमालु व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली फुटबॉलपटूच्या मेंदूतील या व्याधीचे, म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एनसेफॅलोपथीचे, वर्णन प्रसिद्ध केले.

येथे एक विलक्षण विसंगती दिसून येते. लीगच्या मेंदू-इजाविषयक समितीच्या सदस्यांनी हा निबंध मागे घ्यावा, अशी मागणी २००६ साली केली; वास्तविक जे निवृत्तिवेतनाच्या दप्तरात सात वर्षांपूर्वी मान्य झाले होते, तेच वैद्यकीय चर्चेत नाकारले जात होते. त्याच वर्षी अपील न्यायालयाने वेबस्टर यांच्या वारसांच्या बाजूचा निर्णय कायम केला. या व्याधीशी खेळाचा संबंध असल्याचे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे मान्य केले, ते २०१६ साली.

निष्कर्ष काढताना मात्र सावधगिरी हवी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील संशोधनात लीगच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूंत ही व्याधी आढळली. परंतु हे मेंदू नातेवाइकांनी दान केलेले होते आणि लक्षणे दिसलेल्यांची कुटुंबेच अशा दानास अधिक प्रवृत्त होतात. म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. शिवाय निश्चित निदान अद्याप मृत्यूनंतरच करता येते. किती टकरींनंतर धोका सुरू होतो, हा प्रश्नही सुटलेला नाही.

तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या सहनशीलतेमुळे वेबस्टर यांचा गौरव झाला, तीच त्यांच्या हानीचे कारण ठरली. पुरावा त्यांच्या हयातीत अगदीच नव्हता असे नाही. तो एका कार्यालयाच्या दप्तरात होता. त्याचा अर्थ ध्यानात येण्यास मात्र त्यांच्या मृत्यूची वाट पाहावी लागली.